मॅक्रोतून ओळी घुसवताय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना मी पगाराच्या एक्सेल शीट बसवून देतो. फोन ठरलेला असतो: "सर, मॅक्रो येडं झालंय." मॅक्रो म्हणजे एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा कोड; ते येडं होत नसतं. कॉपी चालू ठेवून तुम्ही इन्सर्ट मारलेलं असतं.

कॉपी केल्यावर त्या सेलभोवती ठिपक्यांची चौकट पळत राहते. ती पळतेय तोवर इन्सर्ट म्हणजे रिकामी ओळ नव्हे; कॉपी केलेलाच माल पुन्हा आत येतो. हाताने काम करताना उजव्या क्लिकच्या मेनूत 'इन्सर्ट कॉपीड सेल्स' असं लिहिलेलं तरी दिसतं. मॅक्रो काही न बोलता घुसवतो.

एका कारखान्यात गड्ड्याची जत्रा तोंडावर होती आणि पगार आदल्या दिवशी द्यायचा होता. तिथल्या पोराने मॅक्रो लिहिला: हजेरीतून कामगाराची ओळ कॉपी, पगारपत्रकात पेस्ट स्पेशल, आणि खाली उचल लिहायला एक रिकामी ओळ इन्सर्ट. पेस्ट स्पेशलने कॉपी संपत नाही, हे त्याच्या गावी नव्हतं. उचलीच्या जागी प्रत्येक कामगार दुसऱ्यांदा उभा राहिला. हिशेब बघणारे काका पाकिटं भरायला बसले आणि म्हणाले, "माणसं बावीस, पाकिटं चव्वेचाळीस कशी काय?" पोराने कंट्रोल झेड दाबलं. मॅक्रोने केलेलं काम त्याने मागे येत नाही. वर फाईल सेव्हही करून ठेवलेली. रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक ओळ उडवत बसलो, आणि ते भाग्यवान पोरगं नऊलाच निघून गेलं.

इलाज एका ओळीचा आहे: रिकामी ओळ घालण्याआधी 'ॲप्लिकेशन.कटकॉपीमोड = फॉल्स'. मी तर प्रत्येक पेस्टनंतर ती लिहितोच, गरज असो वा नसो. रेकॉर्डरने (हाताने केलेलं काम टिपून कोड बनवणाऱ्या सोयीने) बनवलेल्या मॅक्रोत ही ओळ बऱ्याचदा असते, पण "कोड छोटा करतो" म्हणून लोक नेमकी तीच उडवतात. छोट्या कोडचं एवढं कौतुक कशाला, मला कळलेलं नाही.

याची उलटी बाजूही आहे. कॉपी केलेली ओळ घुसवायचीच आहे, पण कॉपी आणि इन्सर्टच्या मध्ये कुठल्यातरी सेलमध्ये तारीख लिहिली किंवा शीटचं प्रोटेक्शन काढलं, की कॉपी मरते आणि रिकामी ओळ येते. म्हणून कॉपीच्या लगेच खाली इन्सर्ट. मध्ये काही नको, अगदी मेसेज बॉक्ससुद्धा नको.

बाकीच्या थोडक्यात.

इन्सर्टला शिफ्ट सांगा, म्हणजे जुने सेल कुठे सरकवायचे ते. नाही सांगितलं तर रेंजचा आकार बघून एक्सेल स्वतःच ठरवतं, खाली ढकलायचं की उजवीकडे.

पूर्ण ओळीऐवजी चारच कॉलमची रेंज घुसवली तर तेवढेच कॉलम सरकतात, आणि शेजारच्या कॉलममधली हजेरी भलत्याच कामगाराच्या नावासमोर येते.

लूप, म्हणजे ओळीमागून ओळ तेच काम, खालून वर चालवा, स्टेप उणे 1. वरून खाली गेलात तर घातलेल्या ओळींवरच पुन्हा काम होत राहतं.

मर्ज केलेले सेल पगारपत्रकात नकोत. यावर मी वाद घालत नाही.

बेरजेच्या अगदी वरच्या ओळीत नवा कामगार घुसवला तर तो सममध्ये, म्हणजे बेरजेच्या SUM सूत्रात, धरला जात नाही. मी बेरजेच्या वर एक बारीक रिकामी ओळ ठेवतो, ती सममध्ये धरतो, आणि नवी नावं तिच्यावर घालतो. मालक विचारतात ही मोकळी ओळ कशाला. मी तिला राखाडी रंग देतो, मग कोणी विचारत नाही.