मेंढा सोडण्याआधी त्याचं नातं तपासा

पैदाशीचा हंगाम दोन महिन्यांवर आला की मेंढ्याच्या तयारीला लागावं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७ आठवडे लागतात, त्यामुळे खुराक, जंतनाशक, खुरांची छाटणी ही कामं आत्ताचीच. पण त्याहून मोठा प्रश्न आधी सोडवा: हा नर आपल्याच कळपातल्या किती माद्यांचा बाप किंवा भाऊ आहे?

१०० माद्या आहेत म्हणून रक्तात विविधता आहे, असं धरून चालू नका. प्रत्येक कोकराचं अर्धं रक्त नराकडून येतं. बाहेरचं जनावर न येणाऱ्या कळपात १ नर आणि १०० माद्या असतील, तर आनुवंशिक हिशेबाने तो कळप जेमतेम ४ जनावरांचा ठरतो आणि इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातली पैदास) दर पिढीला सुमारे १२.५ टक्क्यांनी वाढतं. तिथेच ४ नर सारखे वापरले तर हा वेग सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतो. माद्या दुप्पट केल्या तरी इतका फरक पडत नाही.

नुकसान हळूहळू होतं, म्हणून ते लक्षात येत नाही. माद्या पुन्हा पुन्हा माजावर येतात, कोकरं हलक्या वजनाची जन्मतात, दूध तुटायच्या आत दगावतात. कुठे खालचा जबडा आखूड, कुठे नराचं एकच वृषण खाली उतरलेलं. आपण दोष चाऱ्याला देतो. स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरच्या सोए मेंढ्यांच्या अभ्यासात, ज्यांच्यात जवळचं रक्त जास्त त्यांच्या पोटात जंत जास्त आणि हिवाळ्यात मरही जास्त, असं आढळलं.

बाप-लेकीचा संबंध, सख्ख्या भावंडांच्या किंवा आई-मुलाच्या संबंधाइतकाच, फार घातक. म्हणून मुली माजावर येण्याआधी बाप कळपातून निघालाच पाहिजे. नर कोकरं पाच-सहा महिन्यांत फळवू शकतात. ती चौथ्या महिन्यातच वेगळी करा किंवा खच्ची करा. कानात बिल्ला आणि वहीत आई-बापाची नोंद, एवढं तरी ठेवाच. अनेक नर एकत्र सोडले तर दांडगा नर बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही आणि बहुतेक कोकरं त्याचीच होतात, म्हणून माद्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा नर द्या.

विविधता टिकवण्यासाठी इनब्रीडिंगची दर पिढीची वाढ १ टक्क्याच्या आत ठेवायला सांगतात. त्यासाठी ३२५ माद्यांमागे १३ नर लागतात. एकट्याला हे झेपणारं नाही. चार-पाच मेंढपाळांनी मिळून नर फिरवावेत: पहिल्याचे दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, दिशा कायम तीच. सगळ्यांनी एकाच नावाजलेल्या नराची पिल्लं घेतली तर अदलाबदलीचा काही उपयोग नाही. नवं रक्त हवं म्हणून परकी जात घुसवू नका. नर आपल्याच जातीचा, पण दूरच्या कळपातला घ्या. तो तीन-चार आठवडे वेगळा बांधा आणि ब्रुसेला या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्यावरच माद्यांत सोडा.