लेकीच्या लग्नासाठी कर्ज काढण्याआधी

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मी पतसंस्थेचं कर्जखातं सांभाळतो. अर्जावर कारण असतं 'पाईपलाईन दुरुस्ती', आणि समोरच्या माणसाच्या पिशवीतून लग्नपत्रिकांचे नमुने डोकावत असतात. "भाऊ, भाऊबंदकीत मान राहायला पाहिजे," एवढंच तो म्हणतो. आपण एवढी धावपळ कोणासाठी करतो, हे विचारायला एरवी कोणाला सवड नसते. सही करण्याआधी मात्र ती काढाच.

दोनशे पानी वही घ्या. नवरा-बायको बसा आणि जिचं लग्न आहे तिलाही बसवा; पुष्कळ घरांत तिलाच विचारलेलं नसतं. एकेक खर्च लिहा: हॉल, डीजे, प्री-वेडिंग शूट, घोडा, मानपान. प्रत्येकापुढे लिहा, हा कोणासाठी? 'लोकांसाठी' हे उत्तर धरू नका. माणसाचं नाव लिहा: कोणता काका, कोणता व्याही, कोणती मावशी. नाव सापडलं तर त्यांच्या ओट्यावर जाऊन सरळ विचारा, "नाना, डीजे नाही लावला तर तुम्हाला वाईट वाटेल का?" "मले काय करनं शे डीजेनं?" हेच उत्तर मी जास्त ऐकलंय. ज्या खर्चापुढे कोणाचंच नाव येत नाही, तो खोडा.

मग व्याज मांडा. पाच लाख रुपये, 14 टक्के, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण 11,600 रुपये. फेड होईपर्यंत व्याजच दोन लाखांच्या आसपास जातं. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे नुसतं व्याज फेडायलाच 24-25 क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरले तर पाच एकरांचं पीक. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी वेगळीच. हा हिशेब लेकीसमोर मोठ्याने वाचा. ती पुढचं स्वतः बोलेल.

वरणबट्टीवर मात्र काट मारू नका. आदल्या रात्री भाऊबंद जमतात, बाया कणीक मळतात, वांगी चिरतात, पोरं पातेली उचलतात. त्या जेवणाला प्रत्येकाचा हात लागलेला असतो आणि गाव गाव राहतं ते त्यामुळे. खर्च तेवढाच ठेवा, हवं तर वाढवा. टॉवेल-टोपी मात्र बंद करा. ती पेटीत पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. पत्रिकेवर ठळक छापा: आहेर घेणार नाही, देणार नाही. आधी मामांना सांगा. मामा मानले की बाकीचे फार ताणत नाहीत.

हुंड्याला वहीत रकानाच नको. 1961 च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. 'परमनंट नोकरी आहे, पुण्यात फ्लॅट घ्यायचाय' म्हणून मागणी आली तर बैठकीतून उठा. सुपारी फुटण्याआधी उठणं सोपं असतं.

व्याह्यांशी बोलायचं तेही सुपारीआधीच, आणि वही सोबत न्या. आकडा पाहिला की पुष्कळदा त्यांनाही हायसं वाटतं, कारण तिकडच्या घरीही कर्जाचीच तयारी चाललेली असते.

दोघांनाही नोंदणी पद्धत पसंत पडली, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. वर किंवा वधू, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधीचे किमान 30 दिवस राहिलेला हवा. मुलगा 21 वर्षं पूर्ण, मुलगी 18. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत ते झालं नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते, म्हणून वरणबट्टीची तारीख या हिशेबानेच धरा.