रशियन व्होडका घरी आणताना

भारतात येणाऱ्या प्रवाशाला करमुक्त मद्याची मर्यादा 2 लिटर आहे. व्होडका, वाइन, बिअर सगळी मिळून. म्हणून बाटल्यांचं गणित दुकानातच करा: अर्ध्या लिटरच्या 4, किंवा 0.7 च्या 2 आणि अर्ध्या लिटरची 1. भेटी वाटायच्या असतील तर अर्ध्या लिटरच्याच घ्या. जास्त आणलीत तर विमानतळावर ग्रीन चॅनलने, म्हणजे कस्टम्सला जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, निघू नका. ती जाहीर करून शुल्क भरावं लागतं आणि ते इतकं जबर असतं की स्वस्ताईची मजाच जाते.

खरेदी शहरातल्या सुपरमार्केटमध्ये करा. मॉस्कोत रात्री 11 ते सकाळी 8 दुकानात दारू विकत नाहीत, त्यामुळे पहाटेचं विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच उरका. भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे चालत नाही. रोख रूबल हवेत. झाकणावरून गेलेला सरकारी स्टँप फाटलेला नाही ना, पाहा.

या बाटल्या चेक-इन बॅगेतच जातात. झाकणाभोवती क्लिंग फिल्म गुंडाळा, बाटली प्लॅस्टिक पिशवीत बांधा, मग जाड स्वेटरमध्ये लपेटून बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवलेलीच बहुधा फुटते. बेलुगासारख्या महागड्या बाटलीवर धातूचा मासा असतो, त्यावर जास्तीचा कपडा द्या.

ड्यूटी फ्रीमधून घेतलीत तर सीलबंद पिशवी मुक्कामापर्यंत उघडू नका. दिल्लीहून पुढे पुण्या-मुंबईला जायचं असेल, तर कस्टम्स झाल्यावर ती बाटलीही चेक-इन सामानात टाका.