चौघांच्या घरचा किराणा डाळीपासून कसा मांडावा

महिन्याच्या वाणसामानाची यादी करायला बसले, की बहुतेक घरांत आधी गहू-तांदूळ, मग तेल-साखर आणि उरलेल्या पैशांत डाळी-कडधान्ये असा क्रम लागतो. हा क्रम उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन; कारण पोट धान्याने भरत असले, तरी वाढत्या मुलांना लागणारी प्रथिने स्वस्तात मिळतात ती डाळी-कडधान्यांतूनच, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री नेमकी त्यांनाच लागते.

सर्वप्रथम घरचे माप काढावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सुचविले आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला सुमारे ३० किलो धान्य आणि १० किलो डाळी-कडधान्ये लागतात. मुले लहान असतील तर त्याहून कमी. आमच्या घरी हा हिशेब प्रथम मांडला, तेव्हा यादीत डाळी सगळ्या मिळून जेमतेम चार किलो निघाल्या होत्या.

चौघांना मिळून दिवसाला ३४० ग्रॅम डाळी-कडधान्ये हा आकडा मोठा वाटतो, पण तो ताटात सहज मावतो: एका वेळच्या उसळीला दीडशे ग्रॅम मटकी, दुसऱ्या वेळच्या वरणाला सव्वाशे ग्रॅम डाळ आणि पीठ पेरून केलेल्या भाजीत साठ-पासष्ट ग्रॅम डाळीचे पीठ. अंडी किंवा मासे खाणाऱ्या घरांत यातला काही भाग त्यांनी भरून निघतो. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी पाणी निथळून ओल्या पंच्यात घट्ट बांधावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, थंडीत मात्र आणखी एक दिवस द्यावा लागतो. वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या मोडाची मटकी होते, आणि उसळीवर ताटातच लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास उलट परिणाम होतो, म्हणून तासभर थांबावे.

डाळींचे पैसे बाजूला काढल्यावरच धान्याकडे वळावे. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला शिधापत्रिकेवर दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते. अशा चौघांच्या घरी २० किलोंची सोय तिथेच झालेली असते. उरलेले धान्य ज्वारी, बाजरी आणि नाचणी असे आणावे. नाचणीत गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम असते, त्यामुळे ज्या घरी दूध पुरेसे येत नाही, तिथे तिची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून दोन-तीनदा अवश्य असावी. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि मेथिओनिन डाळीत. पिठले-भाकरी, वरण-भात, खिचडी या जोड्यांत एकीची उणीव दुसरी भरून काढते.

पुढे आठवड्याचा आराखडा करावा. वारांना पदार्थ नेमून देऊ नयेत, प्रकार नेमावेत: दोन दिवस पालेभाजी, दोन दिवस शेंग किंवा फळभाजी, एक दिवस भोपळ्याच्या जातीची भाजी, एक दिवस पिठले, एक दिवस खिचडी. ‘बुधवारी फ्लॉवर’ असे लिहिले, तर फ्लॉवर महाग असतानाही तोच आणला जातो. ‘फळभाजी’ लिहिले, तर बाजारात त्या दिवशी जे स्वस्त आणि ताजे असेल ते पिशवीत पडते. आठवडी बाजार उठायच्या सुमारास भाजी वाट्यावर मिळते, पण निवडून घ्यावी. मेथी-शेपू पहिल्या दोन दिवसांत, मग गवार-दोडका आणि शेवटी लाल भोपळा, बटाटा असा वापराचा क्रम ठेवल्यास टाकून द्यावे लागणारे फार थोडे उरते. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे आणि बिटाची पाने यांचीही भाजी होते. त्यांचे पैसे आपण दिलेलेच असतात.

तेलाला आठवड्याची एकच बाटली नेमावी. चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर, म्हणजे आठवड्याला ८०० मिलिलिटर पुरते. रविवारी भरलेली बाटली गुरुवारीच संपली, तर फोडणीचा हात सैल आहे हे बोलून न दाखवता कळते. सुकामेव्यासाठी बदाम-काजूंची गरज नाही, शेंगदाणे आणि तीळ पुरेत.

महिनाअखेरीस प्रत्येक डबा उघडून शिल्लक वजन करावी आणि ती पुढच्या यादीत त्या जिनसेसमोर लिहावी. तूरडाळ उरली आणि चवळी विसाव्या दिवशीच संपली, असे दिसल्यास पुढच्या महिन्यात एक किलो तूरडाळ कमी करून तेवढी चवळी वाढवावी.