टांझानियाला जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेवकांनी आधी तेथील घड्याळ शिकावे

पुण्यातून आरोग्य स्वयंसेवक म्हणून टांझानियाला जाणाऱ्यांनी सामानाची यादी करण्याआधी तेथील वेळ सांगण्याची पद्धत समजून घ्यावी. स्वाहिली भाषेत तासांची मोजणी मध्यरात्रीपासून नव्हे, तर सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे सकाळी ६ पासून सुरू होते. त्यामुळे ‘सा मोजा’, शब्दशः एक वाजता, याचा अर्थ सकाळी ७ असा होतो. (आपले प्रहर आठवले, तर हे फारसे परके वाटू नये.) रुग्णाला औषधाची वेळ नुसत्या आकड्यात सांगितली, तर ६ तासांचा घोळ सहज होऊ शकतो. म्हणून ‘असुबुही’ म्हणजे सकाळ, ‘म्चाना’ म्हणजे दुपार आणि ‘उसिकू’ म्हणजे रात्र हे शब्द वापरावेत, चिठ्ठीवर सूर्य किंवा चंद्र काढावा आणि वेळ रुग्णाकडूनच पुन्हा वदवून घ्यावी.

वडीलधाऱ्यांना प्रथम ‘शिकामो’ म्हणावे. ‘मराहबा’ हे त्याचे उत्तर. आपल्या वाकून केलेल्या नमस्काराच्या जवळचे हे अभिवादन टाळून थेट तपासणीला हात घालणे उद्धटपणाचे वाटते.

मलेरियाच्या प्रतिबंधासाठी डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिले असेल, तर ते प्रवासाच्या १-२ दिवस आधी सुरू करून तो प्रदेश सोडल्यावरही ४ आठवडे घ्यावे लागते, आणि नेमके हेच शेवटचे आठवडे घरच्या जेवणाच्या आनंदात विसरले जातात. पुण्यात परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डेंग्यूच असेल असे गृहीत न धरता टांझानियातील वास्तव्याची माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी.