रूट न करता अँड्रॉइड फोनवर डेबियन लिनक्स

अँड्रॉइडचा कर्नल (प्रणालीचा गाभा) मुळात लिनक्सचाच असल्यामुळे डेबियनचा, म्हणजे लिनक्सवर आधारित एका मोफत प्रणालीचा, वापर करण्यासाठी फोनवरील मूळ प्रणाली पुसावी लागत नाही, की फोन रूट करून (त्यावर सर्वाधिकार मिळवून) घ्यावा लागत नाही; 'टर्मक्स' हे आज्ञा टंकून वापरायचे ॲप आणि त्यातील 'प्रूट-डिस्ट्रो' हे लिनक्स बसवण्याचे साधन एवढे पुरते. फोन अँड्रॉइड 7 किंवा त्यानंतरचा असावा आणि त्यात काही जीबी जागा मोकळी असावी.

टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारावरून घ्यावे. त्याची पूरक ॲप्सही तेथूनच घ्यावीत, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या आवृत्त्यांवरील डिजिटल स्वाक्षऱ्या निराळ्या असल्याने त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरावीत. प्रथम 'पीकेजी अपग्रेड', मग 'पीकेजी इन्स्टॉल प्रूट-डिस्ट्रो' ही आज्ञा द्यावी. त्यानंतर 'प्रूट-डिस्ट्रो इन्स्टॉल डेबियन' दिल्यावर डेबियन उतरवले जाते आणि 'प्रूट-डिस्ट्रो लॉगिन डेबियन' दिल्यावर आपण त्यात प्रवेश करतो. आत 'ॲप्ट' या डेबियनच्या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाच्या साहाय्याने पायथन, गिट, जीसीसी ही प्रोग्रामिंगची साधने नेहमीप्रमाणे बसवता येतात.

येथे मिळणारा रूटचा अधिकार मात्र केवळ दिसण्यापुरता असतो. प्रूट हे प्रत्येक प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्या मध्येच अडवून त्यांतील फाइलींचे मार्ग बदलते, त्यामुळे असंख्य लहान फाइली हाताळणारी कामे रेंगाळतात, तर सिस्टमडी (पार्श्वभूमीतील सेवा सांभाळणारा प्रोग्राम) आणि डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) चालतच नाहीत. शिवाय फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा असल्याने इंटेलसाठी बांधलेले प्रोग्राम थेट चालत नाहीत. एक्सएफसीई हा खिडक्या-चिन्हांचा हलका डेस्कटॉप 'टर्मक्स एक्स-11' या पूरक ॲपद्वारे दिसू शकतो. पण सहा इंचांच्या पडद्यावर, ब्लूटूथ कीबोर्ड व माउसशिवाय, तो खटाटोप करू नये असे माझे मत आहे.

काम मध्येच बंद पडून 'सिग्नल 9' (काम सक्तीने बंद केल्याची खूण) असा संदेश आला, तर दोष बहुधा डेबियनचा नसतो. अँड्रॉइड 12 पासून सर्व ॲप्सच्या मिळून 32 पेक्षा अधिक उपप्रक्रिया (ॲपने पार्श्वभूमीत सुरू केलेले प्रोग्राम) झाल्यास प्रणाली त्या बंद करू लागते. अँड्रॉइड 14 पासून ही मर्यादा सेटिंग्जमधील डेव्हलपर ऑप्शन्समधून काढता येते. लांबणाऱ्या कामापूर्वी, पडदा बंद असतानाही फोन झोपी जाऊ नये म्हणून, 'टर्मक्स-वेक-लॉक' ही आज्ञा द्यावी.

पोस्टमार्केटओएससारखी फोनसाठीची लिनक्स प्रणाली अँड्रॉइडच्या जागी बसवण्याचा मार्गही आहे, परंतु त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम) उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, त्यामुळे तो प्रयोग अडगळीत पडलेल्या फोनवरच करावा. टर्मक्स काढून टाकल्यास त्यातील डेबियनही आपल्या फाइलींसह नाहीसे होते. म्हणून 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज'ने परवानगी देऊन महत्त्वाच्या फाइलींची प्रत फोनच्या सामायिक साठ्यात वेळोवेळी ठेवावी.