पडक्या इमारतीत बार उभा करताय? या चुका टाळा

पडीक इमारत ताब्यात आली की आधी सजावटच डोळ्यांपुढे येते. विटा उघड्या ठेवायच्या, जुने खांब दिसू द्यायचे, वर झुंबर. हौस रास्त आहे, क्रम चुकतो. छप्पर गळत असेल, पन्हळी तुंबल्या असतील, तर आत एक ब्रशही फिरवू नका. आणि वापरबदलाची परवानगी मिळेल याची खात्री करण्याआधी भाडेकरारावर सही करू नका.

सगळ्यात महागात पडतं ते सिमेंट. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. मग पोपडे सुटतात, लोणा म्हणजे पांढरा क्षार फुलतो, विटा भुसभुशीत होतात. लोणा दिसला की बरेच जण वरून वॉटरप्रूफ रंग मारतात. त्यानं दुखणं आणखी वाढतं. पाणी कुठून येतंय ते शोधा, सिमेंट उतरवा, भिंत वाळू द्या. जाड भिंतीला त्यासाठी काही महिने लागतात, उद्घाटनाची तारीख त्या हिशेबानं ठरवा. नंतर गिलावा चुन्याचाच करा. विटा साफ करायला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, तोही नको: विटेची भाजलेली कडक साल निघून जाते आणि आतली मऊ वीट पाणी पिऊ लागते.

मग वजन. राहत्या खोलीची जमीन साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. गर्दीच्या जागेला 400 ते 500 किलो धरावे लागतात. 50 लिटरचा भरलेला बिअरचा केग (धातूचं पिंप) एकटाच 60 किलोंच्या वर जातो. लाकडी तुळई मधोमध ठोकून पाहण्यात अर्थ नाही. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथला गिलावा थोडा काढा आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचा. पातं लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, ओलसर तपकिरी भुगा बाहेर आला, तर ते टोक गेलंय, वरचा रंग कितीही शाबूत दिसो. स्ट्रक्चरल इंजिनिअर इथेच हवा, इंटिरिअर डिझायनरच्या आधी.

काउंटरमागे सतत बर्फ वितळतो, ग्लास धुतले जातात. तिथला ढाळ आणि ड्रेन फरशी बसवण्यापूर्वी करा, नाहीतर ते पाणी खालच्या तुळयांत मुरेल. वायरिंग सगळं नवं घ्या.

उद्घाटनानंतर गिऱ्हाईक ओरडून बोलायला लागलं, तर दोष संगीताचाच असेल असं नाही. वीट, काच, काँक्रीट आवाज परत फेकतात. छताला ध्वनिशोषक पॅनेल लावली की बराच फरक पडतो.

दरवाजांबाबत तडजोड नकोच. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला 1942 मध्ये आग लागली आणि 492 माणसं गेली. मुख्य फिरतं दार गर्दीनं अडकलं होतं, इतर काही दारं कुलूपबंद होती, काही आतल्या बाजूला उघडणारी. तुमच्या इमारतीचा जुना नक्षीदार दरवाजाही बहुधा आतच उघडत असेल. तो जरूर जपा. पण बार चालू असेपर्यंत उघडा अडकवून ठेवायची सोय करा, आणि विरुद्ध बाजूला बाहेर उघडणारं दुसरं दार काढा.